पावसाचे गणित

मृग नक्षत्र लागले की भारतातील शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे वळते. शेत नांगरून, कुळवून तयार असते. बियाणे घरात राखून ठेवलेले असते. आता केवळ मेघांची प्रतीक्षा असते. पाऊस वेळेवर आला तर घरात धान्य येते. त्याने पाठ फिरविली तर माणसांच्या व गुरांच्या तोंडचा घास जातो. पाऊस कसा होणार हे आधी कळले, तर किती जिवांचे रक्षण होईल! या एका प्रश्नासाठी ज्यांनी आपल्या आयुष्यातील वीस वर्षे भारतात वेचली, ते सर गिल्बर्ट वॉकर शेतकरी नव्हते आणि भारतीयही नव्हते. ते इंग्लंडमधील एक गणितज्ञ होते.

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल या गावी झाला. त्यांचे वडील अभियंता होते. लहानपणापासूनच गिल्बर्टला गणिताची आणि फिरणाऱ्या वस्तूंची विलक्षण ओढ होती. भोवरा फिरत असताना पडत का नाही, हा प्रश्न इतर मुले क्षणभरात विसरून जातात. गिल्बर्ट तो विसरला नाही. लंडनमधील शिक्षण संपवून तो केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गेला आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन 'सीनियर रँग्लर' झाला. पुढे दहा वर्षांनी महाराष्ट्राचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळविला, तोच हा मान होय.

अतिश्रमामुळे लवकरच वॉकर यांची प्रकृती ढासळली. हवापालटासाठी त्यांना काही काळ स्वित्झर्लंडमध्ये राहावे लागले. तेथे ते बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकले. प्रकृती सुधारल्यावर केंब्रिजला परतून ते अध्यापन करू लागले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे बूमरँग हे वाकडे लाकडी शस्त्र फेकले असता वळून परत का येते, याचे गणित त्यांनी मांडले. महाविद्यालयाजवळच्या हिरवळीवर ते स्वतः बूमरँग फेकीत, तेव्हा पाहणाऱ्यांना मोठे नवल वाटे. मित्रांनी त्यांचे नावच 'बूमरँग वॉकर' असे पाडले होते.

त्याच सुमारास भारतात एक गंभीर प्रश्न उभा होता. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. आणि अशा वेळीही देशातील धान्य परदेशी जातच होते. भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला होता. या दुष्काळानंतर पावसाचा अंदाज सांगण्याची कामगिरी त्याच्यावर आली. हिमालयावर बर्फ किती पडले यावरून विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी पावसाची अनुमाने बांधण्यास आरंभ केला. त्यांच्यामागून आलेले जॉन इलियट यांनी तेच काम पुढे चालविले. परंतु १८९९ साली चांगला पाऊस होईल असे अनुमान निघाले असता घोर अवर्षण झाले आणि पुन्हा लक्षावधी लोक दुष्काळाला बळी पडले. अनुमान चुकले म्हणजे केवळ कागदावरचा आकडा चुकत नाही, हे त्या वर्षी सर्वांना कळून आले.

१९०४ साली इलियट यांच्या जागी वॉकर यांची वेधशाळांचे महासंचालक म्हणून नेमणूक झाली. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. आपले अज्ञान त्यांनी स्वतःपासून लपविले नाही. कोणतीही उपपत्ती खरी मानून चालावयाचे नाही. प्रथम आकडे गोळा करावयाचे आणि ते काय सांगतात ते पाहावयाचे, असा त्यांनी निश्चय केला.

वारा वाहतो तो उष्णतेमुळे आणि हवेच्या दाबामुळे, हे शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक होते. चुलीवरची तापलेली हवा धुरासह वर जाते, तशीच तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. तेथे हवेचा दाब कमी होतो आणि जेथे दाब अधिक आहे त्या बाजूची हवा तिकडे धाव घेते. उन्हाळ्यात भारताची भूमी तापते. समुद्र तितका तापत नाही. म्हणून समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे भूमीकडे येतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ते वाटेत वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्याकडे पोहोचतात. हेच आपले मोसमी वारे. परंतु उन्हाळा तर दरवर्षी येतो आणि भूमीही दरवर्षी तापते. मग एखाद्या वर्षीच वाऱ्यांचा जोर का ओसरतो? याचे उत्तर केवळ भारताच्या आकाशात सापडणार नाही, असे वॉकर यांना वाटू लागले.

त्यांनी जगभरच्या वेधशाळांतून हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी मागविल्या. दक्षिण अमेरिकेतील दाब, आफ्रिकेतील पाऊस, हिमालयातील बर्फ अशा अनेक गोष्टींच्या वर्षानुवर्षांच्या आकड्यांची भारतातील पावसाशी तुलना सुरू झाली. एक आकडा वाढतो तेव्हा दुसरा वाढतो की घटतो, आणि असे योगायोगाने घडते की वारंवार घडते, हे गणिताने तपासावयाचे होते. त्या काळी आजच्यासारखे संगणक नव्हते. कार्यालयातील भारतीय कारकून हाताने बेरजा, गुणाकार आणि भागाकार करीत. त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. परंतु वॉकर यांच्या कार्याची इमारत त्यांच्याच श्रमांवर उभी राहिली.

या आकड्यांच्या अरण्यातून अखेर एक वाट दिसू लागली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो कमी होई; आणि तिकडे घटला की इकडे वाढे. तराजूचे एक पारडे वर जाताच दुसरे खाली यावे, तसे हे दोन महासागर हजारो मैलांच्या अंतरावरून एकमेकांशी बांधलेले होते. वॉकर यांनी या हेलकाव्याला 'दक्षिणी आंदोलन' हे नाव दिले. भारतातील पाऊसही या तराजूशी निगडित होता.

कामाच्या या व्यापातही वॉकर यांची दृष्टी गुणांचा शोध घेत असे. १९१३ साली ते मद्रासला गेले असता तेथील बंदर कार्यालयातील एका गरीब कारकुनाचे गणित त्यांना दाखविण्यात आले. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्याला निर्वाहाची चिंता न करता गणिताचा अभ्यास करता यावा, अशी शिफारस केली. त्यानंतर विद्यापीठाने रामानुजनला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. सिमल्यात असताना पंख न हलविता आकाशात तरंगणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास करणे आणि बासरीवादन हेही वॉकर यांचे आवडते छंद होते.

१९२४ साली ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. पुढे १९३४ पर्यंत त्यांनी लंडनच्या इंपीरियल महाविद्यालयात अध्यापन केले. मात्र त्यांचा मूळ हेतू पूर्णपणे सिद्धीस गेला नव्हता. त्यांची सूत्रे काही वर्षी खरी ठरत, काही वर्षी चुकत. दोन महासागरांतील हा संबंध कशामुळे निर्माण होतो, तेही त्यांना सांगता येईना. कारण ठाऊक नसताना नुसत्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवावा, अशी शंका अनेक विद्वानांना येई. वॉकर यांनी या शंकेचा राग मानला नाही. जेथे आकड्यांचा भक्कम आधार नाही तेथे अनुमान सांगू नये, हा त्यांचा स्वतःचाच दंडक होता. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या शोधाचे महत्त्व थोड्यांनाच उमगले होते.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६९ साली, याकोब बियर्कनेस या शास्त्रज्ञाने त्या तराजूमागचे कारण स्पष्ट केले. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागातील पाणी उबदार असते. त्यावरची हवा तापून वर चढते आणि तेथे दाब कमी होतो. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचे पाणी थंड असते. तेथे हवा खाली उतरते आणि दाब अधिक राहतो. म्हणून समुद्रावरून वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो आणि उंच आकाशातून हवा परत पूर्वेकडे जाते. या महाचक्राला बियर्कनेस यांनी वॉकर यांचेच नाव दिले. काही वर्षी पूर्वेकडचे पाणीही तापते. त्या स्थितीला 'एल निनो' म्हणतात. तेव्हा हे चक्र मंदावते आणि भारतात पुष्कळदा पाऊस कमी पडतो. प्रत्येक वेळी तसे होतेच असे नाही. १९९७ साली एल निनो प्रबळ असूनही भारतात पुरेसा पाऊस झाला.

१८७७ आणि १८९९ ही दोन्ही वर्षे एल निनोची होती. ज्या अवर्षणांमुळे पावसाचे अनुमान सांगण्याची निकड भासली, त्यांच्यामागे वॉकर यांनी पुढे शोधून काढलेल्या तराजूचाच हेलकावा होता. आज मोसमी पावसाचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ प्रशांत महासागराच्या तापमानाकडे आवर्जून लक्ष देतात. ती वाट प्रथम वॉकर यांनी दाखविली. वाटेचा शेवट त्यांना दिसला नाही; पण जेवढे दिसले तेवढेच त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले, म्हणून मागून येणाऱ्यांना पुढे जाता आले.