मिरजेचे डॉ. वानलेस आणि दृष्टीची अमानत

कराड परिसरातील जुन्या घरांत गंभीर आजारी माणसाला मिरजेला नेण्याची रीत होती. तिच्यामागे एका परदेशी शल्यविशारदाचे आयुष्य उभे आहे.

विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते सांगलीस आले व तेथे त्यांनी दवाखाना चालविला. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. ते ख्रिस्ती मिशनरी होते, हे सांगण्यात संकोच नको. सत्कार्याची कदर करणे हीच मोमिनाला शोभणारी गोष्ट आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांची विशेष ख्याती झाली.

त्या काळी फिरते वैदू सुईने मोतीबिंदू डोळ्यातच मागे ढकलीत. क्षणभर उजेड दिसे. पुढे पू होऊन अनेकांची दृष्टी कायमची जाई. ज्ञानाशिवाय उपचार करणारा झालेल्या हानीस जबाबदार आहे, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण येथे आठवते.

धोका भुलीतही होता. क्लोरोफॉर्मने श्वास व हृदय बंद पडण्याची भीती असे; शुद्धीवर येताना उलटी झाली तर ताजी जखम उघडे. १८८४ मध्ये व्हिएन्नाचे कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून केवळ डोळा बधिर करता येतो, हे दाखविले आणि नेत्रशस्त्रक्रियेचा मार्ग बदलला. तरीही रुग्णाला डोळे बांधून कित्येक दिवस निश्चल पडून राहावे लागे.

एकट्या हाताने हे काम पुरे होणार नाही, हे ओळखून वानलेस यांनी १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली आणि येथील तरुणांना शिकविले. ‘सर’ हा किताब मिळवून जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९२८ मध्ये ते निवृत्त झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज बहुधा थेंबांनी किंवा डोळ्याभोवतीच्या इंजेक्शनने भूल देतात. धोका फार कमी झाला आहे, संपलेला नाही. म्हणून मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे, औषधांची ॲलर्जी यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा दृष्टी मंदावली तर त्याच दिवशी दाखवावे.

सजदा चुकेल या चिंतेने काही वडीलधारी मंडळी शस्त्रक्रिया टाळतात. डोळ्यातील पाणी काढल्यावर वैद्याने उताणे पडून राहण्यास सांगितले, तर इशाऱ्याने नमाज पढावी, ही सवलत हनफी फुकहांनी शतकांपूर्वीच दिली आहे. वजूबाबत आपल्या आलिमांना विचारावे.

उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे. दृष्टी ही अल्लाहची अमानत. तिची वेळेवर काळजी घेणे हाही तवक्कुलचाच भाग होय.