नॉर्विचच्या ज्युलियनचं हसू झालं तेव्हा
आजचं वचन: २ करिंथ १२:१-४. पौल आपलं दर्शन १४ वर्षांनी सांगतो, तेही हातचं राखून. मला इंग्लंडमधली नॉर्विचची ज्युलियन आठवली. मे १३७३. वय ३०, शेवटचा संस्कारही झालेला. खोली अंधारत गेली, उजेड उरला फक्त समोर धरलेल्या क्रुसावर, आणि त्यावरच्या प्रभूचं रक्त वाहताना तिला दिसलं.

ती वाचली. पण भेटायला आलेल्या धर्मसेवकाला तिने सांगितलं, की आज आपण भ्रमात बरळलो. तो खदखदून हसला. क्रुसावरच्या रक्ताचं ऐकून मात्र एकदम गंभीर झाला, आणि तिलाच लाज वाटली. पुढे वीसेक वर्षं ती त्या १६ दर्शनांवर मनन करत राहिली. (मी असतो तर संध्याकाळीच व्हिडिओ टाकला असता!)

आयसीयूतून परतलेले पप्पा असंच काही सांगू लागले, तेव्हा औषधांचा परिणाम म्हणून मीही हसलो होतो. आज त्यांना विचारतो.