विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : पेण, १४ ऑक्टोबर १८९२, मृत्यू : पुणे, ५ जुलै १९४५) हे मराठी चित्रपटसृष्टीतील आद्य ध्वनिमुद्रक, छायालेखक, दिग्दर्शक आणि प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. 'संत तुकाराम' या चित्रपटाचे सहदिग्दर्शक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र मराठी बोलपटाला सुस्पष्ट आवाज मिळवून देण्यातील त्यांचे काम तुलनेने दुर्लक्षित राहिले. चित्रपटवर्तुळात त्यांना 'दामलेमामा' या नावाने ओळखत.

जीवन

दामले यांनी कोल्हापूर येथे आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या सहवासात रंगभूमीच्या पडद्यांच्या चित्रणापासून आपल्या कारकिर्दीला आरंभ केला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी चित्रपटाचा कॅमेरा तयार केला, त्या खटपटीत दामले त्यांचे सहायक होते. महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची व एस. फत्तेलाल ऊर्फ साहेबमामा यांची जोडी जमली आणि ती आयुष्यभर टिकली. १९२८ साली या दोघांनी 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली व एरंडवणे परिसरात तिचा स्टुडिओ उभा राहिला.

ध्वनिमुद्रण

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. बोलपटाविषयी प्रभातचे भागीदार प्रारंभी साशंक होते. अखेर ही नवी वाट पत्करण्याचे ठरले, तेव्हा ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांच्यावर आली. चाळिशीकडे झुकलेल्या या तंत्रज्ञाला एक संपूर्ण नवी विद्या आत्मसात करावी लागली. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झालेला 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट या परिश्रमांतून साकार झाला. गोविंदराव टेंबे यांनी त्यात हरिश्चंद्राची, तर दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. चित्रपटाची हिंदी आवृत्तीही काढण्यात आली.

त्या काळी पार्श्वगायनाची पद्धत रूढ झालेली नव्हती. नट-नटी कॅमेऱ्यासमोरच गात आणि वादक दृश्याच्या चौकटीबाहेर बसून त्यांना साथ करीत. संवाद, गाणे व वाद्ये यांचा मेळ चित्रण चालू असतानाच साधावा लागे. गायक मायक्रोफोनपासून दूर सरकला तर स्वर क्षीण होई आणि वाद्ये जवळ आली तर शब्द बुडून जात. कॅमेऱ्याची घरघरही मायक्रोफोन टिपत असे. मुद्रित झालेला आवाज नंतर दुरुस्त करण्याची साधने जवळपास नव्हतीच. एक चूक झाली की सारे दृश्य पुन्हा चित्रित करावे लागे. म्हणून आजच्या ध्वनिसंस्करणात जे काम मुद्रणानंतर होते, ते तेव्हा मुद्रणाआधीच करावे लागे : मायक्रोफोनची जागा ठरवणे, वादकांचे अंतर मोजणे, सेटवर संपूर्ण शांतता राखणे.

ध्वनी फिल्मवर प्रकाशाच्या रेषेच्या रूपाने उमटत असल्यामुळे तो स्वच्छ ऐकू येणे रसायनशाळेवरही अवलंबून असे. फिल्म धुताना प्रमाण चुकले तर आवाजात खरखर येई. छायालेखनाचा दीर्घ अनुभव असलेल्या दामले यांना प्रकाश आणि फिल्म या दोहोंची जाण होती, हे या संदर्भात महत्त्वाचे ठरते.

दिग्दर्शन

दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची, तर गौरी यांनी त्यांच्या पत्नीची भूमिका केली. संगीत केशवराव भोळे यांचे होते. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग इतका अस्सल वाटला की, तो तुकारामांचाच असावा असा अनेकांचा समज झाला. चित्रपटातील गाण्यांचे शब्द प्रेक्षकांच्या कानी स्पष्ट पोहोचत होते, याचाही या समजात वाटा असावा.

चित्रपट (दिग्दर्शन)

• महारथी कर्ण (मूकपट, १९२८) – फत्तेलाल यांच्यासह
• संत तुकाराम (१९३६) – फत्तेलाल यांच्यासह
• गोपाळकृष्ण (१९३८) – फत्तेलाल यांच्यासह
• संत ज्ञानेश्वर (१९४०) – फत्तेलाल यांच्यासह
• संत सखू (१९४१) – फत्तेलाल व राजा नेने यांच्यासह

अखेरचा काळ व वारसा

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि कंपनीची घडी विस्कटू लागली. त्यानंतर तीनच वर्षांनी दामले यांचे पुण्यात निधन झाले. पुढे प्रभात बंद पडली. १९६० मध्ये भारत सरकारने तिच्या जागेवर चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. आज ती भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था या नावाने ओळखली जाते. दामले यांनी जेथे काम केले, त्याच आवारात आज विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेतात. पुण्यातील प्रभात रस्ता या कंपनीचे नाव जपून आहे.