मातोश्रींची खासगी

श्रावण वद्य चतुर्दशी ही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची पुण्यतिथी. इकडच्या पंचांगात तीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून येते, इतकाच फरक. इंदूरात त्या दिवशी देवींची पालखी निघते, दुसऱ्या दिवशी पोळ्याची अमावास्या आणि मग चार दिवसांत आपले गणराय घरी येतात. आधी आजीचे स्मरण आणि मग नातवंडांचा लाडका बाप्पा, असा हा क्रम आपल्या माळव्यातल्या मराठी घरांच्या अंगवळणी पडला आहे. देवी म्हणून आपण त्यांना हात जोडतोच. यंदा मात्र होळकरांच्या घरातली थोरली बाई म्हणून त्यांच्याकडे पाहावे असे वाटले. घर चालवणारी, पैशाचा हिशेब ठेवणारी, सर्वांना देणारी आणि एकेक माणूस डोळ्यांदेखत गमावणारी बाई.

चौंडी हे नगरकडचे लहानसे गाव. तेथल्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, सुभेदार मल्हारराव होळकरांच्या एकुलत्या एका मुलाशी, खंडेरावांशी, त्यांचे लग्न झाले. मल्हाररावांचे सारे आयुष्य घोड्यावर गेले. घर खऱ्या अर्थाने सांभाळले ते सासूबाई गौतमाबाईंनी. त्या खानदेशातल्या तळोद्याच्या बारगळ घराण्यातल्या. सुनेला अक्षर-ओळख, हिशेब, माणसांची पारख हे सारे या घरातच मिळाले.

याच गौतमाबाईंच्या नावाने १७३४ मध्ये पेशव्यांनी खासगी जहागीर लावून दिली. दौलत म्हणजे सरंजाम, फौज, मुलूखगिरी. तिचा हिशेब पेशव्यांना द्यायचा. खासगी म्हणजे घरातल्या बाईच्या हक्काचे उत्पन्न; ते तिने आपल्या मर्जीने खर्च करावे. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि ही खासगी सुनेकडे आली. सासूने सुनेला पाटल्या द्याव्यात तशी ती आली, आणि सुनेने तिचे काय केले ते काशीपासून रामेश्वरापर्यंत अजून दिसते.

त्याआधीच घरावर पहिला घाव पडला होता. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. पदरी मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले. त्या सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी त्यांना अडवले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशा अर्थाची त्यांची विनवणी होती असे परंपरा सांगते. सुनेने ती ऐकली. त्या काळी हे सोपे नव्हते. लोक काय म्हणतील ते त्यांना ठाऊक होते. तरी सासऱ्याच्या शब्दाखातर त्या मागे राहिल्या आणि पुढची चाळीस वर्षे राबल्या.

मल्हाररावांनीही त्यांना नुसते देवघरात बसवून ठेवले नाही. स्वारीवर असताना वसूल, रसद, दारूगोळा, तोफखाना यांची व्यवस्था ते सुनेवर सोपवत. १७६५ मधल्या एका पत्रात तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जाण्याची आणि वाटेत दारूगोळ्याची तजवीज करण्याची आज्ञा आहे. १७६६ च्या मे महिन्यात आलमपुरास मल्हारराव वारले. मालेरावांना सुभेदारीची वस्त्रे मिळाली, पण वर्ष पुरे होण्याआधीच, १७६७ मध्ये, आजारपणात त्यांचाही अंत झाला. तेरा वर्षांत नवरा, सासू, सासरा आणि मुलगा.

अशा वेळी घराबाहेरची माणसे घर वाटून घ्यायला येतात. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा सल्ला दिला; म्हणजे मूल गादीवर आणि कारभार दिवाणाच्या हाती. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले. अहिल्याबाईंनी दत्तकाला साफ नकार दिला, शेजारच्या सरदारांना पत्रे धाडली, फौज उभी केली आणि पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला. दादांना सांत्वनाला आल्याचे सांगून वेळ निभवावी लागली.

फौजेसाठी त्यांनी तुकोजी होळकरांना निवडले. तुकोजी रक्ताचे नातलग नव्हते, पण मल्हाररावांच्या विश्वासातले होते. वयाने बाईंहून मोठे असूनही ते त्यांना मातोश्री म्हणत. या दोघांत सारे गोडीगुलाबीचे होते असे मात्र नाही. तुकोजींना मोहिमांसाठी सतत पैसा हवा असे. बाई आधी मागचा हिशेब मागत. त्या काळची पत्रव्यवहाराची दप्तरे या कुरबुरींनी भरली आहेत. दानासाठी हात मोकळा आणि हिशेबासाठी मूठ आवळलेली, हे अनेकांना खटकत असे. पण दौलतीचा पैसा कोणता आणि आपला कोणता हे त्यांच्या मनात स्वच्छ होते. घाट, देवळे, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च खासगीतून व्हायचा. रयतेवर जादा पट्टी बसवून पुण्य जोडणे त्यांना मान्य नव्हते.

राजधानी त्यांनी नर्मदाकाठी महेश्वरास नेली. तेथला त्यांचा वाडा पाहिलेल्यांना ठाऊक आहे, आपल्याकडच्या एखाद्या सुखवस्तू वाड्यासारखाच तो आहे. माळव्यात आलेल्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंना पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती गोळा करून १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांची दिनचर्या नोंदवली आहे. पहाटे उजाडण्याच्या तासभर आधी उठायचे. स्नान, पूजा, पुराणश्रवण, मग स्वतःच्या हाताने दानधर्म आणि ब्राह्मणभोजन. त्यानंतर आपले साधे शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारी दोनच्या सुमारास दरबार. तो सूर्यास्तापर्यंत चाले. संध्याकाळची पूजा आणि फराळ उरकून रात्री नऊला पुन्हा काम सुरू, ते अकरापर्यंत. जवळपास तीस वर्षे हा क्रम चालला. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याला त्या स्वतः भेटत.

काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुरे केले. गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, सोमनाथ, परळी वैजनाथ, काशीचे घाट, पंढरपूरचा वाडा अशी यादी लांबच लांब आहे. पण माल्कमने टिपलेल्या लहान गोष्टी घरातल्या बाईच्या नजरेची साक्ष देतात. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया, थंडीत गरिबांना उबदार कपडे, भर उन्हात नांगर थांबवून बैलांना पाणी पाजणारी माणसे, पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून राखलेली शेते, नर्मदेतल्या माशांना अन्न. बाहेरून विणकर आणून त्यांनी महेश्वरात माग लावून दिले. आपल्या लेकीसुनांच्या कपाटातली माहेश्वरी ही त्या व्यवस्थेची आजची खूण आहे. डोंगरातल्या भिल्लांना वाटेवरचा त्यांचा जुना कर घेऊ दिला आणि त्याबदली प्रवाशांच्या मालाची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात घातली.

विधवेच्या धनाकडे त्यांनी कधी हात केला नाही. वारस नसलेल्याचे धन सरकारजमा करणे हा सगळीकडचा रिवाज होता. इंदूरातला एक धनिक सावकार निपुत्रिक वारला तेव्हा तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागितला. त्याची बायको महेश्वरास धावली. बाईंनी तिची मालकी कायम केली, तिला वस्त्रे दिली आणि तुकोजींना इंदूर सोडायला सांगितले.

एवढे सगळे करणाऱ्या या बाईच्या घरात शेवटी काय राहिले? मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू नथोबा, एवढेच. या नातवावर त्यांचा फार जीव होता. १७९० च्या सुमारास तो ऐन तारुण्यात गेला. १७९१ मध्ये जावईही गेला आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. अहिल्याबाईंनी लेकीच्या विनवण्या केल्या. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जे त्यांच्यापाशी मागितले तेच आता त्या मुलीपाशी मागत होत्या. मुक्ताबाईंनी ऐकले नाही. तुमचे वय झाले, तुम्ही गेल्यावर मी कोणासाठी जगू, असा त्यांचा प्रश्न होता आणि आईकडे त्याला उत्तर नव्हते. राज्यातला कोणताही हुकूम फिरवू शकणारी बाई हा एक निश्चय फिरवू शकली नाही. नर्मदेच्या काठी त्या चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि कामाला लागल्या.

त्यानंतर त्या चार वर्षे जगल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, महेश्वरास त्यांचा अंत झाला. त्यांच्या पोटचा वंश राहिला नाही. तरी काशीला स्नान करणारा, गयेला पिंड देणारा, पंढरीला उतरणारा माणूस त्यांच्या घरचाच पाहुणा असतो.

गणेशोत्सवात सांगावी अशी एक गोष्ट उरली आहे. खरगोणच्या दोन सावकार भावांच्या विधवा आपली सगळी दौलत बाईंच्या चरणी घालायला महेश्वरास आल्या. दोघींना मूलबाळ नव्हते. राज्याची तिजोरी भरली असती. कोणी नावेही ठेवली नसती. बाईंनी ती घेतली नाही. हे धन तुमचे आहे, ते तुमच्याच गावात, तुमच्याच नावाने, लोकांच्या उपयोगी लावा, असा सल्ला देऊन त्यांनी दोघींना परत पाठवले. त्या बायकांनी खरगोणला कुंदा नदीवर दगडी घाट बांधला आणि एक गणपतीचे देऊळ उभारले.