हैबतबाबांचा मुलूख

आळंदीस माउलींच्या महाद्वारातली पायरी ठाऊक नाही असा वारकरी विरळाच. कार्तिकीच्या समाधी सोहळ्याला आरंभ होतो तो या पायरीच्या पूजनाने. ही पायरी हैबतबाबा आरफळकरांची.

बाबा सातारा प्रांतीच्या आरफळचे, आडनाव पवार. चाकरी मात्र ग्वाल्हेरीस, शिंदे सरकारच्या पदरी. जमवलेली मिळकत घेऊन गावाकडे निघाले, तो सातपुड्यात भिल्लांनी गाठलं आणि गुहेत कोंडलं, असं जुनी मंडळी सांगतात. बाबांचा हरिपाठ चालूच. त्यातच नायकाच्या घरी मुलगा झाला, नायकाने आनंदाने बाबांना सोडलं. मग ते घरी राहिले नाहीत, आळंदीस येऊन माउलींच्या सेवेला लागले.

पालखी त्याआधीही होती. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली ती सुरू केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून जात. १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला.

आता तो काळ कसा होता, पाहा. १८१८ ला पेशवाई बुडालेली. पुण्यात कंपनीचा अंमल. नीरा ओलांडली की साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज, पुढे फलटणला निंबाळकर. राज्य म्हणून एक मुलूख उरलाच नव्हता. अशा वेळी पालखी आळंदीहून निघे, नीरेत पादुकांना स्नान होई आणि पल्याड राज्य बदले. भजन तेच राही. दिंडीत माणूस ओळखायचा तो फडावरून, सरकारावरून नव्हे.

फौजेत दिवस काढलेले बाबा. ती शिस्त त्यांनी पालखीला दिली. आपण रोज पाहतो ती समाजआरतीच घ्या ना. मुक्कामी दिंड्या गोल उभ्या राहतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार जाऊन ऐकून घेतात, निवाडा होतो, मग चोप वर जातो आणि एवढा अफाट समाज एका क्षणात चिडीचूप! पोलीस नाही, कचेरी नाही. गावोगावच्या माणसांना एकत्र नांदायची ही सवय वर्षानुवर्षं लागत गेली. माझ्या मते बाबांचं खरं काम हे.

घोडा, तंबू, नैवेद्य यांची सेवा अंकलीच्या शितोळे सरकारांनी उचलली. वासकर मंडळीही पाठीशी उभी राहिली. १८३६ साली बाबांनी देह ठेवला; मालकपणाचा मान आजही आरफळकरांकडे आहे.

पुढे १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा अंकली सीमेपलीकडे राहिली. इरावतीबाई कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. ज्या देशाचे लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, अशी खूण त्यांनी लिहून ठेवली आहे. खूण मोठी नामी! पण तिने मोजायला गेलं तर सीमेचा दगड कुठे पुरायचा? कानडी बोलणारे वारकरीही चंद्रभागेवर येतातच, आणि आपला विठोबा तर संतांच्या तोंडी कानडाच.

अंकलीचे अश्व आजही दरसाल पायी आळंदीस येतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, ती माउलींसाठी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान असतं, त्याच्या आत ते पोचायला हवेत.