जागा दिली, विषय नाकारला

१४ एप्रिल आला की बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी व्यासपीठावरून वाचली जाते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. टाळ्या पडतात. पण या पदव्यांसाठी त्यांना सातासमुद्रापार का जावे लागले? हा प्रश्न आज विचारणे आम्हाला गरजेचे वाटते. परदेशी जाऊ पाहणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या वाटेत तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, पण संस्कृत मिळाले नाही. अस्पृश्याच्या मुलाने ती भाषा शिकायची नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. जागा दिली, विषय नाकारला! येथील व्यवस्थेची ही खोड वाचकांनी ध्यानात ठेवावी.

बी.ए. झाल्यावर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. जून १९१३ मध्ये रीतसर करार झाला. परदेशात शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. आम्ही वकील म्हणून सांगतो, ती भीक नव्हती; तो दोन्ही पक्षांना बांधणारा करार होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांचा कोणताही विषय जातीमुळे अडला नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, जे हवे ते शिकले. सेलिग्मन आणि ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती हा निबंध वाचला. जातिव्यवस्थेची चिरफाड करायला मोकळी जागा मिळाली, ती जातीच्या देशाबाहेर!

पुढे लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करार पाळायला ते बडोद्याला गेले, तर कचेरीतले शिपाई कागद हातात न देता फेकत. राहायला कोणी घर देईना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाची पदवी बडोद्यात एक खोलीही मिळवून देऊ शकली नाही.

तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे मुंबईत रमाईंनी ओढग्रस्तीत संसार रेटला. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. आणि ते परत आले! १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये महाड.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९४२ मध्ये व्हाइसरॉयना निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. आपल्यासाठी उघडलेले दार त्यांना सर्वांसाठी उघडायचे होते.

आता त्या दाराकडे पाहा. २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. या विषयांची साधने देशातच भरपूर आहेत, असे कारण दिले गेले.

साधने असतील, पण प्रश्न साधनांचा नाही. जातीवर लिहिलेला प्रबंध कोणाच्या हाताखाली लिहायचा आणि तो कोण तपासणार, हा प्रश्न आहे. हाच निकष १९१३ मध्ये असता तर प्राचीन भारतातील व्यापारावर आणि जातीच्या उत्पत्तीवर लिहिणाऱ्या भीमरावांचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता. पुन्हा तेच, जागा आहे, विषय नाही!

विषय निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याचाच असला पाहिजे, ही मागणी प्रत्येक निवेदनात, प्रत्येक मोर्चात यायला हवी. आणि ज्यांना आज दोन पैसे मिळतात, त्यांनी वस्तीतल्या एका तरी होतकरू मुलीचा नवल भथेना व्हावे. पदव्यांच्या यादीला टाळ्या देण्यापेक्षा बाबासाहेबांना हे अधिक आवडले असते.

जय भीम!