खून आणि महायुद्ध एकाच मापात

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या रुग्णवाहिकांच्या एका ताफ्यात पस्तिशीतला एक इंग्रज चालक होता. दिवसभर तोफांच्या माऱ्यातून गाडी हाकायची आणि मुक्कामाला परतल्यावर गवताच्या ढिगावर बसून पानेच्या पाने आकडेमोड करायची, असा त्याचा क्रम होता. लुईस फ्राय रिचर्डसन हे त्याचे नाव. हवामानशास्त्रात ते अजरामर झाले. पण ज्या कामासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, ते होते माणसांच्या हातून होणाऱ्या माणसांच्या मृत्यूंची मोजदाद.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. घरचा व्यवसाय कातडी कमावण्याचा आणि पंथ क्वेकर. या पंथाला शस्त्र उचलणे मान्य नाही. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन १९१३ मध्ये ते ब्रिटिश हवामान खात्यात रुजू झाले आणि स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख झाले. युद्ध पेटल्यावर लढायचे नाही, पण सुरक्षित जागी बसूनही राहायचे नाही, असा मार्ग त्यांनी काढला. १९१६ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात गेले आणि १९१९ पर्यंत तिथेच राहिले.

गवताच्या ढिगावरची ती आकडेमोड हवामानाच्या अंदाजाची होती. वातावरणाची समीकरणे सोडवून पुढचे हवामान सांगता येईल, ही त्यांची कल्पना. नमुन्यादाखल त्यांनी २० मे १९१० या दिवसातले सहा तास घेतले आणि उत्तर साफ चुकले. हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल असे गणित सांगत होते, प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. दरम्यान हस्तलिखित धुमश्चक्रीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले, चुकलेल्या उत्तरासकट. आज पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील महासंगणक मान्सूनसाठी जे करतो, त्याची मुळे या पुस्तकात आहेत.

हवामान खात्यात ते परतले खरे, पण १९२० मध्ये ते खाते हवाई मंत्रालयाच्या अखत्यारीत गेले आणि रिचर्डसन यांनी पुन्हा राजीनामा दिला. पुढे हवेतील खळबळीवरच्या त्यांच्या संशोधनात विषारी वायूच्या तज्ज्ञांना रस आहे असे लक्षात आल्यावर त्यांनी तो विषयच सोडला. अप्रकाशित निष्कर्ष त्यांनी नष्ट केले, असे त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी नोंदवले आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मानसशास्त्राची पदवी मिळवली. पेझ्ली येथील तंत्रमहाविद्यालयाचे प्राचार्यपद १९४० मध्ये मुदतीआधीच सोडले आणि तुटपुंज्या उत्पन्नावर युद्धाच्या अभ्यासाला वाहून घेतले. बाहेर दुसरे महायुद्ध सुरू होते!

रिचर्डसन यांचा पहिला प्रश्न साधा होता. माणूस माणसाला मारतो तेव्हा त्या घटनेला युद्ध म्हणायचे, बंड म्हणायचे, दंगल म्हणायचे की खून, हे ठरवतो कोण? विजेत्याचे बंड स्वातंत्र्ययुद्ध ठरते, पराभूताचे युद्ध दरोडेखोरी ठरते. म्हणून त्यांनी सगळी नावे बाजूला ठेवली आणि ‘प्राणघातक भांडण’ असा एकच वर्ग केला. भूकंप, वादळे, अपघात यातून वगळले. रोगराई आणि उपासमारीचे बळी, भांडणाचा थेट परिणाम असतील तरच धरले.

मग मापाचा प्रश्न आला. एका बाजूला एक बळी, दुसऱ्या बाजूला कोटी. इथे त्यांनी भूकंपाच्या रिश्टर मापासारखीच युक्ती वापरली. बळींच्या संख्येतील दहाचा घात म्हणजे भांडणाची तीव्रता. एका माणसाचा खून म्हणजे शून्य, दहा बळी म्हणजे एक, हजार बळी म्हणजे तीन आणि दोन्ही महायुद्धे सातच्या आसपास. या मापाचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. युद्धातील बळींचे आकडे नेहमीच वादग्रस्त असतात, पण आकडा दुपटीने चुकला तरी तीव्रता जेमतेम ०.३ ने सरकते. इतिहासाच्या कच्च्या नोंदींवर काम करणाऱ्यासाठी ही मोठीच सोय होती.

१८२० पासूनची, म्हणजे सव्वाशे वर्षांची भांडणे त्यांनी मांडली. (पेशवाई बुडवणारे युद्ध १८१८ मध्येच संपल्याने या यादीतून थोडक्यात हुकते.) एकूण बळी निघाले सुमारे ५ कोटी ९० लाख, त्या काळातील सर्व मृत्यूंच्या १.६ टक्के. त्यातले ३ कोटी ६० लाख फक्त दोन महायुद्धांचे. दुसरा क्रमांक मात्र कुठल्याही युद्धाचा नव्हता. तो मापाच्या दुसऱ्या टोकाचा, एक ते तीन बळींच्या खुनांचा होता : ९७ लाख. इतिहासाची पुस्तके ज्यांनी भरलेली असतात ती हजारांपासून काही लाखांपर्यंत बळी घेणारी सुमारे तीनशे युद्धे आणि बंडे एकत्र केली, तरी बेरीज ४५ लाखांच्या आतच राहते. खुनांच्या निम्म्याहूनही कमी.

याचा अर्थ युद्धभूमी शहरापेक्षा सुरक्षित होती असा घेणे मात्र चूक ठरेल. खुनांचे ९७ लाख बळी सव्वाशे वर्षांत आणि साऱ्या जगभर विखुरलेले आहेत, सरासरी वर्षाला ७७ हजार. महायुद्धांचे बळी दहा वर्षांतले आहेत, सरासरी वर्षाला ३६ लाख. धोका किती, हे बळींच्या बेरजेवर ठरत नाही. किती माणसांत आणि किती काळात, हा भागाकार करावा लागतो. शिवाय युद्धाचा धोका आघाडीवरच्या गावांत आणि ठरावीक वयाच्या तरुणांत एकवटतो. खुनाचा धोका थोडा असतो, पण तहाने संपत नाही.

‘शांतता’ या शब्दाचाही या यादीने कस लावला. महायुद्धांच्या खालोखाल, तीव्रता सहाच्या गटात फक्त सात नोंदी आहेत. चीनचे ताइपिंग बंड, अमेरिकेचे यादवी युद्ध, स्पेनचे यादवी युद्ध अशी नावे त्यात येतात. त्यांच्याच पंगतीला आहेत १९४६ ते १९४८ मधील भारतीय उपखंडातील जातीय दंगली. कोणी युद्ध पुकारलेले नव्हते. माणसे मेली ती गल्ल्यांत, गावांत आणि रेल्वेच्या डब्यांत.

मापाच्या मधला भाग रिचर्डसन यांना नीट भरता आला नाही. खून पोलिसांच्या दप्तरात असतात, युद्धे इतिहासात. चार-पाचपासून तीनशेपर्यंत बळी घेणाऱ्या दंगली, टोळीयुद्धे, गावकीची वैरे या दोन्हींच्या फटीत हरवतात. तिथे त्यांनी दोन्ही टोके जोडून अंदाज बांधला आणि तो अंदाज आहे हे सांगितलेही.

युद्धे का होतात, याची उत्तरे त्यांनी याच यादीत शोधली आणि बरीच प्रचलित उत्तरे बाद झाली. भाषा एक असली की भांडण टळते, याला आधार मिळाला नाही. युद्धांची सुरुवात काळाच्या ओघात यदृच्छेने विखुरलेली दिसली, जणू पावसाचे थेंब. एक गोष्ट टिकली : ज्या देशाला शेजारी जास्त, त्याची युद्धे जास्त. तेव्हा सीमांची लांबी मोजणे आले. इथे भलताच घोटाळा निघाला. स्पेन-पोर्तुगाल सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, तर दुसरीत १,२१४. मोजपट्टी जितकी लहान, तितकी वळणे जास्त पकडली जातात आणि सीमा लांबत जाते.

प्रकाशक न मिळाल्याने हा सगळा अभ्यास त्यांनी १९५० मध्ये मायक्रोफिल्मवर काढला. त्याच वर्षी अमेरिकेत एनिॲक संगणकाने पहिला गणिती हवामान अंदाज काढला आणि तो रिचर्डसन यांच्याकडे आवर्जून पाठवण्यात आला. ३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमधील किलमन येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. युद्धाची आकडेवारी १९६० मध्ये ग्रंथरूपात आली, सीमांवरचा लेख त्याच्या पुढच्या वर्षी. १९६७ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने त्या लेखातील आलेख आधाराला घेऊन ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीचा प्रश्न मांडला आणि त्यातून फ्रॅक्टल भूमिती उभी राहिली.